शेतकऱ्यांचे वसंतराव

दरवर्षी १ जुलै हा दिवस महाराष्ट्रात 'कृषी दिन' म्हणून साजरा होतो. हा वसंतराव नाईक यांचा जन्मदिवस आहे. १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात गहुली या लहानशा गावी झाला. पुसद तालुका आपल्या हिंगोली जिल्ह्याला लागून आहे. मध्ये फक्त पैनगंगा नदी आहे. त्यांचे घराणे बंजारा समाजाचे होते. पूर्वी बंजारा लोक बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दूरदूरच्या मुलखात नेत असत. पुढे हा व्यापार बंद पडला आणि अनेक तांडे शेती करू लागले. वसंतरावांच्या वडिलांचे नाव फुलसिंग. वसंतरावांनी लहानपणापासून कोरडवाहू शेती पाहिली होती. पाऊस वेळेवर आला तर घरात धान्य, नाही तर उपवास, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

शिक्षणासाठी ते नागपूरला गेले. तेथे त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि पुसदला वकिली सुरू केली. पुढे ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९५२ साली ते आमदार म्हणून निवडून आले. सहकार, शेती, महसूल अशी खाती त्यांनी सांभाळली. ५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले.

तो काळ कठीण होता. देशात धान्य पुरत नव्हते. अमेरिकेतून जहाजांनी गहू येत असे आणि रेशनच्या दुकानांपुढे रांगा लागत. महाराष्ट्राने आपले धान्य आपणच पिकवले पाहिजे, असे वसंतरावांना वाटे. दोन वर्षांत राज्य धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाले नाही, तर फाशीची शिक्षाही स्वीकारू, असे वचन त्यांनी १९६५ साली पुण्यात लोकांपुढे दिले.

याच सुमारास संकरित ज्वारीचे बियाणे आले. 'सीएसएच-१' ही भारतातील पहिली संकरित ज्वारी १९६४ साली प्रसारित झाली. खेडोपाडी लोक तिला 'हायब्रीड' म्हणू लागले. ती गावठी ज्वारीपेक्षा ठेंगणी होती, लवकर तयार होत असे आणि उत्पन्न भरपूर देई. वसंतरावांनी या बियाण्याचा मोठा प्रचार केला. ते गावोगाव जात, बांधावर उभे राहून शेतकऱ्यांशी बोलत.

पण प्रत्येक नव्या गोष्टीला दुसरी बाजू असते. गावठी ज्वारीचे बी शेतकरी घरीच राखून ठेवत असे. संकरित ज्वारीचे बी मात्र दरवर्षी विकत घ्यावे लागे. घरचे बी पेरले तर पहिल्यासारखे पीक येत नसे. शिवाय खत आणि पाणीही हवे. ही ज्वारी लवकर पिके, म्हणून पावसात सापडून कणसे काळी पडत. कडबाही कमी मिळे. ज्याच्याजवळ विहीर आणि पैसा होता, त्याला फायदा झाला. गरीब शेतकरी मागे राहिला.

नवे ज्ञान गरिबाच्या शेतापर्यंत कसे पोचावे? त्यासाठी कृषी विद्यापीठे हवी होती. वसंतरावांच्या काळात राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी येथे ती स्थापन झाली. परभणीचे विद्यापीठ सहज मिळाले नाही. त्यासाठी मराठवाड्यातील लोकांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, आंदोलन केले. अखेर १८ मे १९७२ रोजी ते सुरू झाले. तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्याचाच भाग होता. पुढे याच विद्यापीठाने 'परभणी क्रांती' ही भेंडीची जात दिली. तिचे बी शेतकऱ्याला घरी धरता येते.

बियाण्याइतकेच पाणी महत्त्वाचे. खरीप आणि रब्बी हे तुमच्या ओळखीचे शब्द आहेत. मराठीत आणि उर्दूत ते एकाच अरबी भाषेतून आले. मराठवाड्यात खरिपाचे पीक पावसावर येते, पण अनेक पिकांना रब्बीत पाणी द्यावे लागते. याच काळात पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे झाली. कालव्याचे पाणी वसमत भागातील शेतांत खेळू लागले. मात्र कालव्यापासून दूर असलेली गावे कोरडीच राहिली.

१९७२ साली भयंकर दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गुरे मेली, धान्य पुन्हा बाहेरून आणावे लागले. वसंतरावांचे स्वप्न अपुरे राहिले. पण ते खचले नाहीत. सरकारने लाखो लोकांना काम दिले. मजुरांनी पाझर तलाव खोदले, बांध घातले, रस्ते केले. कामावर त्यांना सुकडी मिळे. याच वर्षी रोजगार हमी योजनेची सुरुवात झाली. मागेल त्याला काम देण्याचा हा विचार पुढे कायदा बनला.

१९७५ साली वसंतरावांनी मुख्यमंत्रिपद सोडले. १९७७ साली ते वाशीमहून लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. २०१३ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, परभणीच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

महाराष्ट्रातील बहुतेक शेती आजही पावसावर अवलंबून आहे. चांगले बी आणि पुरेसे पाणी जेव्हा सर्वांत लहान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचेल, तेव्हाच वसंतरावांनी हाती घेतलेले काम पुरे झाले असे म्हणता येईल.