वाटाण्याचा कोंब आणि फिल्ममधली चांदी

तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यात टाइम-लॅप्स नावाचा एक ऑप्शन असतो. जूनमध्ये कुंडीत सोयाबीनचे चार दाणे टाका, फोन स्टँडवर लावा, चार्जर जोडा आणि विसरून जा. काही दिवसांनी कोंब माती फोडून वर येताना अर्ध्या मिनिटात बघायला मिळतो. रील टाकली तर लाइक्स पण मिळतील.

हेच काम १९१२ साली मुंबईत दादरला एका माणसानं हातानं केलं होतं. कुंडीत वाटाणा, समोर कॅमेरा, आणि ठरावीक वेळानं एकेक फ्रेम. हे महिनाभराहून जास्त चाललं. शेवटी हातात आली जेमतेम मिनिटभराची फिल्म, नाव 'अंकुराची वाढ'. तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. तुम्ही त्यांना ओळखता ते पुरस्काराच्या नावामुळे. पण सिनेमावाले होण्याआधी ते फोटोवाले होते, प्रेसवाले होते. आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्यात बऱ्याच वेळा आपटले होते.

जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. वडील संस्कृतचे शास्त्री. मुलगा मात्र १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला, तिथून बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, फोटोग्राफी, डार्करूम, ब्लॉक बनवणं, जे दिसेल ते शिकत सुटला. कलाभवनचे प्रमुख प्रा. गज्जर यांनी या धडपड्या पोराला स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायला दिली. आजच्या भाषेत मेंटॉर म्हणा.

मग गोध्र्यात फोटो स्टुडिओ टाकला. लोक येईनात. कॅमेरा माणसाची शक्ती खेचून घेतो, आयुष्य कमी होतं, अशी तेव्हाची समजूत. त्यात प्लेगनं पत्नी आणि मूल दोघंही गेले. स्टुडिओ बंद. तिशीच्या आतबाहेर असलेल्या माणसाचं सगळंच संपलं होतं. पुढे जादूचे प्रयोग शिकले, पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी केली, ती सोडली, लोणावळ्यात छपाईचा उद्योग सुरू केला, तो दादरला आणला, रंगीत छपाईसाठी १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन यंत्रं बघून आले. प्रेस चांगला चालला होता. भागीदारांशी बिनसलं आणि फाळके हात हलवत बाहेर पडले.

हे सगळं भरभर सांगतोय, कारण खरी गोष्ट यानंतर आहे. १९११ च्या ईस्टरला गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरची फिल्म पाहिली आणि डोक्यात किडा घुसला. मग रोज सिनेमे बघणं, पुस्तकं, उपकरणं, रात्र-रात्र जागणं. इतकं, की काही काळ दिसेनासं झालं. उपचारानं दृष्टी परत आली. विम्याच्या बारा हजारांच्या पॉलिसी गहाण टाकून दहा हजार उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ ला लंडनची बोट पकडली. तिथं विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं, कोडॅकच्या कोऱ्या फिल्मची ऑर्डर दिली. दोन महिन्यांत परत. आल्या आल्या फाळके फिल्म्स कंपनी.

पण पैसा कोण देणार? इथं तो वाटाणा कामाला आला. पिचिंग करायला पीपीटी नव्हती. त्यांनी ओळखीच्या सावकार मंडळींना कोंब वाढताना दाखवला आणि कर्ज मिळालं. पहिली भारतीय कथापटाची कंपनी एका रोपट्याच्या भरवशावर उभी राहिली, हे मला फार भारी वाटतं.

आता सरस्वतीबाईंबद्दल. फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नी. दागिने त्यांचेही गेले. पण त्यांचं काम फक्त दागिने देण्याचं नव्हतं. तेव्हा कोरी फिल्म भोकांशिवाय यायची. ती अंधारात, रात्री, हातानं यंत्र फिरवून पाडावी लागत. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा. एका फुटात १६ फ्रेम, प्रत्येक फ्रेमच्या दोन्ही बाजूंना चार-चार भोकं. करा गुणाकार. पावणेपाच लाखांच्या आसपास, आणि तेही फक्त पडद्यावर पोहोचलेल्या फिल्मची. हे काम बाईंनी केलं. शिवाय रसायनं मिसळणं, फिल्म धुणं आणि अख्ख्या युनिटचा स्वयंपाक. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सिनेमा लागला तेव्हा जाहिरातीत नाव एकट्या फाळक्यांचं होतं.

त्या रसायनांपाशी जरा थांबू या. वाशिममधल्या एखाद्या जुन्या स्टुडिओवाल्या काकांना विचारा, ते लाल बल्ब, ट्रे आणि हायपोचा वास अजून सांगतील. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, त्यात चांदीच्या क्षाराचे कण. जिथं प्रकाश पडतो तिथं डेव्हलपरमध्ये चांदी काळी होऊन बसते. उरलेला क्षार हायपो विरघळवून पाण्यात नेतो. म्हणजे चांदी दोन ठिकाणी राहते: फिल्मवर आणि वापरलेल्या पाण्यात. हे पाणी तसंच ओढ्यात सोडलं तर मासे आणि बारीक जीव मरतात. मोठ्या लॅबमध्ये त्यातून वीज सोडून चांदी परत काढतात, धंद्यालाही फायदा आणि पाण्यालाही.

फाळक्यांना यातलं पर्यावरणाचं काही सुचलं होतं असं म्हणून मी त्यांना उगाच ग्रीन हीरो करणार नाही. तेव्हा असा कायदाच नव्हता. देशाचा जलप्रदूषणाचा कायदा आला १९७४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. त्यांनी रोपट्यावर फिल्म केली ती कॅमेऱ्याची ताकद दाखवायला.

पण या चांदीनं त्यांचा सूड घेतला असं वाटावं, असं पुढे झालं. मूकपट गेले, बोलपट आले, जुन्या रिळांना कुणी विचारेना. मग ती भंगारात गेली. चांदी काढून घेतली की झालं. आजही दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रे फिल्म भंगारवाले त्याच कारणासाठी घेतात. रिसायकलिंग म्हणून ते योग्यच. पण त्या काळात चांदीच्या भावात गेले ते देशाचे पहिले सिनेमे.

जी रिळं भंगारातून वाचली, त्यांच्यामागे आग. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, म्हणजे बंदुकीच्या कापसाची जवळची नातेवाईक. पेटली की पाण्यातही जळते. 'राजा हरिश्चंद्र'ची प्रिंट बैलगाडीतून नेताना उन्हानं पेटली असं सांगतात. आपल्याकडचा मे महिना आठवा, म्हणजे अशक्य वाटणार नाही. १९१७ मध्ये फाळक्यांना तो सिनेमा पुन्हा शूट करावा लागला. आणि २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, तेव्हा उरलंसुरलं मूळ साहित्यही गेलं. आधी कॉपी करून ठेवल्या होत्या म्हणून आपण आज काही बघू शकतो.

मधली वर्षं यशाची होती. नाशिकला मुक्काम हलवला, 'लंका दहन', 'कालिया मर्दन' तुफान चालले, १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म्स कंपनी झाली. पुन्हा भागीदारांशी वाद, पुन्हा राजीनामा, काशी, परत येणं. पैशाच्या व्यवहारात हा माणूस कधीच शिकला नाही, असं माझं मत. 'गंगावतरण' (१९३७) हा एकच बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये गेले, तेव्हा हाताशी फारसं काही नव्हतं.

नव्वदहून जास्त चित्रपट केले, वाचले ते मोजके तुकडे. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून जे मिळेल ते गोळा केलं. 'अंकुराची वाढ' त्यात नाही. पण चित्रपट कसा बनतो हे दाखवणारी फाळक्यांची एक छोटी फिल्म आहे. तिच्यात ते स्वतः दिसतात: नटांना समजावताना, आणि मग फिल्मची पट्टी उजेडाकडे धरून एकेक फ्रेम तपासताना.