शेताच्या बांधावर शिकलेला कारखानदार

वस्तू उत्तम बनविणे ही एक विद्या. ती कोणाला व कशासाठी हवी हे ओळखणे ही दुसरी. या दुसऱ्या विद्येला आज ‘प्रॉडक्ट मॅनेजमेंट’ म्हणतात आणि ती व्यवस्थापन संस्थांमधून शिकविली जाते. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या काळी तिला नावही नव्हते. ते ती शिकले कार्यशाळेत, दुकानात आणि शेतकऱ्यांच्या संगतीत.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचे मन मात्र पुस्तकांपेक्षा चित्रांत आणि यंत्रांत रमे. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळावर ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण काही रंग ओळखता येत नाहीत असे लक्षात आल्याने चित्रकला सोडावी लागली. मग यांत्रिक आरेखन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. नोकरीतून उरणारा वेळ ते कार्यशाळेत घालवीत. यंत्र खोलून पुन्हा जोडण्याचे खरे शिक्षण त्यांना तेथेच मिळाले. पुढे बढतीसाठी आपल्याला डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याची निवड झाल्यावर त्यांनी राजीनामा दिला.

बेळगावात दोघा भावांचा सायकलींचा व्यवसाय होता. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या विकून गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे, अशी ही विभागणी. नवी वस्तू खपवायची तर तिचा वापरही शिकवावा लागतो, हा धडा येथे मिळाला. पुढे त्याची कठोर परीक्षा झाली.

कडबा कापण्याच्या यंत्रानंतर लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगरापेक्षा तो सरस होता, तरी गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. भांडवल तुटपुंजे, माल पडून; अशा स्थितीत दुसरा कोणी हा नाद सोडून देता. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याच्या अडाणीपणाला बोल लावला नाही, चिकाटीने त्याचा विश्वास मिळविला. कारखानदाराला वस्तू कितीही चांगली वाटो, अखेरचा निकाल ती वापरणारा देतो, हे त्यांना पुरते उमगले.

नांगराचा जम बसतो न बसतो तोच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. यंत्रे कोठे हलवायची, हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगरांच्या जोडीला तेथे उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि हातपंप तयार होऊ लागले. प्रत्येक वस्तूमागे शेतकऱ्याची कोणती ना कोणती नड होती.

कामातून शिकलेल्या या माणसाने इतरांनाही तसेच शिकविले. माणूस निवडताना ते प्रमाणपत्रापेक्षा हात आणि उमेद पाहत. शाळेत अपयशी ठरलेले अनंतराव फळणीकर त्यांच्याकडे कल्पक यंत्रज्ञ झाले. मंगेशराव रेगे कारकून म्हणून आले आणि खजिन्यापासून हिशेबापर्यंतचा भार वाहू लागले. एकेकाळच्या दरोडेखोरांवर वसाहतीच्या रखवालीची जबाबदारी सोपविण्याचे धाडसही त्यांनी केले आणि तो विश्वास सार्थ ठरला. या वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. ज्या शेतकऱ्याने त्यांचा नांगर आधी नाकारला, त्याच्याच पिढ्यांनी पुढे किर्लोस्कर हे नाव घरचे मानले. लक्ष्मणरावांच्या शिक्षणाचे याहून मोठे प्रमाणपत्र नाही.