पोटॅशमधला धातू वेगळा काढणारे हम्फ्री डेव्ही

पोटॅश दर हंगामात तुमच्या हातातून जाते. पण त्यात पोटॅशियम नावाचा धातू दडलेला आहे, हे १८०७ पर्यंत कोणालाच दाखवता आले नव्हते. ते दाखवले हम्फ्री डेव्ही यांनी.

डेव्हींचा जन्म १७७८ चा, इंग्लंडमधल्या पेन्झन्स गावचा. वडील लाकडावर कोरीवकाम करत. ते लवकर वारले आणि मुलगा गावातल्या डॉक्टरकडे उमेदवारीला लागला. १८०१ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये पोहोचला.

त्या काळी लाकडाची राख पाण्यात भिजवून, निवळी आटवून पोटॅश काढत. चुन्याच्या मदतीने त्याचे दाहक पोटॅश होई. डेव्हींनी ते पाण्यात विरघळवून वीज सोडली, तर पाणीच फुटले. हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघाले. पूर्ण कोरड्या पोटॅशमधून वीज जाईना. याचे कारण आज आपल्याला माहीत आहे. असा पदार्थ धन आणि ऋण भाराच्या आयनांचा बनलेला असतो. घन असताना आयन जागचे हलत नाहीत, वितळल्यावर मोकळे होतात. मग धन आयन ऋण टोकाकडे जाऊन इलेक्ट्रॉन घेतो आणि धातू होतो. ऋण आयन धन टोकाला इलेक्ट्रॉन सोडतो.

डेव्हींनी पोटॅशचा तुकडा क्षणभर हवेत ठेवून किंचित दमट होऊ दिला. तेवढ्याने वीज वाहू लागली आणि तुकडा टोकांपाशी वितळला. ऋण टोकाला पाऱ्यासारखे चकाकणारे थेंब दिसले, काही लगेच पेटले. डेव्ही आनंदाने खोलीभर नाचले म्हणतात! थोड्याच दिवसांत त्यांनी सोडियम काढले. पुढच्या वर्षी पाऱ्याची मदत घेऊन कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही.

तुमच्या गोणीत मात्र हा धातू नसतो. तो तर पाण्यात पडताच पेट घेतो. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पोटॅशियम आयनाच्या रूपात असते, आणि मुळेही आयनच घेतात. गोणीवरचे ६० टक्के हे पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबाने असतात. प्रत्यक्ष पोटॅशियम सुमारे ५० टक्के. शिफारशीशी तुलना करताना दोन्ही आकडे एकाच हिशेबातले आहेत ना, ते पाहा.

डेव्हींनी शेतीकडेही लक्ष दिले. त्यांनी कृषी मंडळासमोर बरीच वर्षे व्याख्याने दिली आणि १८१३ मध्ये कृषी रसायनशास्त्रावर पुस्तक काढले. त्यात माती तपासण्याची रीत सविस्तर आहे. पीक आपला कार्बन मुख्यतः जमिनीतल्या कुजक्या पदार्थांतून घेते, हे त्यांचे मत मात्र पुढे चुकीचे ठरले. १८२९ मध्ये जिनिव्हात, अवघ्या पन्नाशीत, ते वारले.