टान्नाच्या किनाऱ्यावरील पाळणा

आज घरोघरी गव्हाणीतील बाळाचा देखावा मांडला जाईल आणि परक्या गावी, परक्या छपराखाली झालेल्या त्या जन्माचे स्मरण होईल. ह्या प्रसंगी वाचकांपुढे आम्ही जे चरित्र ठेवीत आहोत, त्यातही परक्या किनाऱ्यावर जन्मलेले एक बालक आहे. चरित्रनायक रेव्हरंड जॉन गिब्सन पेटन ज्या स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेत वाढले, तीत त्या काळी नाताळ साजरा करण्याची चाल नव्हती. नाताळच्या पानावर आपले नाव पाहून त्यांस कदाचित नवल वाटले असते!

पेटन यांचा जन्म २४ मे १८२४ रोजी स्कॉटलंडमधील डम्फ्रीज शहरानजीक झाला. वडील मोजे विणून अकरा मुलांचे पोट भरीत; जॉन त्यांतील थोरले. झोपडीवजा घरात मध्ये एक चिमुकली खोली होती. वडील दिवसातून तीन वेळा तिचे दार लावून प्रार्थनेस बसत, आणि मुले त्या वेळी पाय न वाजविता वावरत. पुढे ग्लासगोच्या गरीब वस्तीत जॉन यांनी दहा वर्षे सेवा केली. तेथील काम भरभराटीस आले असता दक्षिण प्रशांत महासागरातील न्यू हेब्रिडीज बेटांवर जाण्याचा निर्धार त्यांनी जाहीर केला, तेव्हा अनेकांनी त्यांस वेड्यात काढले. ह्याच द्वीपसमूहातील एरोमांगा बेटावर १८३९ साली जॉन विल्यम्स व त्यांचे सहकारी हॅरिस यांची हत्या झाली होती. नरमांसभक्षणाची चाल तेथे होती, ही काही ऐकीव गोष्ट नव्हती.

एप्रिल १८५८ मध्ये मेरी ॲन रॉबसन हिच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि दोनच आठवड्यांत नवदांपत्याने स्वदेशाचा किनारा सोडला. ५ नोव्हेंबर १८५८ रोजी ते टान्ना बेटावरील पोर्ट रेझोल्यूशन येथे उतरले. जवळच धगधगता ज्वालामुखी, समोर निळे बंदर, सभोवार नारळीची बने. घर त्यांनी समुद्राकाठच्या सखल जागी बांधले. रात्री उंचावर निजावे, हे शहाणपण बेटावरील जाणत्यांस होते. नवागतांस ते उमगले तोवर उशीर झाला होता. हिवताप डासांमुळे होतो ह्याचा उलगडा रोनाल्ड रॉस यांनी आपल्याकडे सिकंदराबादेस केला तो १८९७ साली. पेटन यांस त्या ठिकाणी तापाने चौदा वेळा तरी घेरले.

१२ फेब्रुवारी १८५९ रोजी मेरीबाईंस पुत्र झाला. घरात पाळणा हलला, आणि काही दिवस त्या एकाकी दांपत्यास सारे बेट आपलेसे वाटले असावे. पण बाळंतिणीस ताप भरला, आणि ३ मार्च रोजी तिने प्राण सोडला. आईविना ते बालक २० मार्चपर्यंत जगले. अवघे छत्तीस दिवसांचे आयुष्य! घरालगतच पेटन यांनी आपल्या हातांनी खड्डा खणला, पत्नी व पुत्र यांस एकाच जागी निजविले आणि भोवती प्रवाळाचे दगड रचून वर पांढऱ्या प्रवाळाचा चुरा पसरला. कुटुंब म्हणून त्यांनी टान्नावर जी सेवा केली, तिची मुदत चार महिन्यांचीही भरली नाही.

पेटन मात्र आणखी जवळजवळ तीन वर्षे तेथेच राहिले. अनैत्युम बेटावरून आलेला अब्राहाम नावाचा वृद्ध ख्रिस्ती शिक्षक शेवटपर्यंत त्यांच्यासोबत होता. त्याची आठवण फारशी कोणी ठेवीत नाही, म्हणून येथे मुद्दाम करतो. पुढे चंदनाच्या व्यापाऱ्यांनी गोवर बेटावर आणला आणि माणसे पटापट मेली. एवढे मरण परक्यांबरोबर आले, असे टान्नावासीयांस वाटले, आणि त्यात सर्वस्वी चूक होती असे आम्हांस म्हणवत नाही. १८६१ साली एरोमांगावर गॉर्डन दांपत्याची हत्या झाली. १८६२ च्या आरंभी घरदार लुटले गेल्यावर पेटन यांस जीव घेऊन निघावे लागले. कबर मागे राहिली.

चरित्र लिहिताना एक गोष्ट लपविणे उचित नव्हे. १८६५ साली ब्रिटिश युद्धनौका क्युरासोआ हिने त्याच बंदरावर तोफा डागल्या, तेव्हा दुभाषी म्हणून पेटन नौकेवर होते. आपण हल्ल्यास अनुकूल नव्हतो, असे त्यांनी मागाहून सांगितले. परंतु मिशनमधीलच ज्येष्ठ सहकारी जॉन गेडी यांस हे मुळीच रुचले नाही. प्रेमाचा संदेश देणाऱ्याने तोफेच्या सावलीत उभे राहावे, हे आम्हांसही खटकते.

१८६६ साली द्वितीय पत्नी मार्गारेट यांच्यासह ते शेजारच्या अनिवा ह्या लहानशा प्रवाळबेटावर गेले. तेथे ओढा नाही, झरा नाही. लोकांची तहान नारळावर व पावसाच्या डबक्यांवर भागे. पेटन यांनी विहीर खणावयास घेतली. जमिनीखालून पाऊस काढू पाहणारा हा मनुष्य भ्रमिष्ट झाला, असे वृद्ध मुखिया नामाकेई यास वाटले. मासे धरण्याचे गळ मजुरीदाखल देऊन पेटन यांनी माणसे कामास लावली. एकदा कड कोसळली, तेव्हा तीही खाली उतरेनात. तीस फुटांच्या खाली गोडे पाणी लागले. नामाकेईने ते हलवून पाहिले, चाखून पाहिले. पुढच्या रविवारी तो स्वतःच लोकांपुढे बोलावयास उभा राहिला. २४ ऑक्टोबर १८६९ रोजी अनिवावर पहिला प्रभुभोजनाचा विधी झाला.

मार्गारेटबाईंनी ह्या बेटावर संसार केला, मुले वाढविली आणि घरी जी पत्रे लिहिली ती पुढे पुस्तकरूपाने निघाली. पेटन यांचे आत्मचरित्र १८८९ साली बंधू जेम्स यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध होऊन देशोदेशी वाचले गेले. २८ जानेवारी १९०७ रोजी मेलबर्न येथे त्यांचे देहावसान झाले. ज्या द्वीपसमूहात ते राबले, तो १९८० साली वानुआतू ह्या नावाने स्वतंत्र झाला.

अनिवावर १८७० साली जन्मलेला त्यांचा मुलगा फ्रँक मोठा झाल्यावर मिशनरी झाला. १८९६ साली काम करण्यासाठी तो पत्नीसह गेला तो टान्ना बेटावरच. पश्चिम किनाऱ्यावरील लेनाकेल येथे त्याने बिऱ्हाड थाटले, आणि १९०२ पर्यंत ते तेथे होते.