विश्लेषण : कापरेकर मास्तरांच्या ‘स्वयंभू’ संख्या आणि यादीतून नाव खोडण्याची रीत

पंढरपूर तालुक्यातल्या करकंबमध्ये एखादी विद्यार्थिनी मोबाइलवर पायथन किंवा जावा शिकत असेल, तर एक इशारा तिला लवकरच मिळतो : यादीवरून फिरत असताना तीच यादी बदलू नये. हा इशारा बहुतेक जण पाठ करतात आणि विसरतात. तो का पाळायचा, हे एका मराठी शाळामास्तराच्या आकड्यांवरून नेमके कळते. हे मास्तर म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. संगणकाची भाषा त्यांचा विषय नव्हता. त्यांचा विषय होता साधे पूर्णांक.

कोण होते कापरेकर?

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूत झाला. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. आकडेमोडीची गोडी मुलाला घरातच लागली. ते आठ वर्षांचे असताना आई वारली. शालेय शिक्षण ठाण्यात झाले. १९२३ मध्ये त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात प्रवेश घेतला. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणित पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले. पुढचे शिक्षण झाले नाही. १९३० पासून ते नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक होते आणि १९६२ मध्ये तिथूनच निवृत्त झाले.

पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही, तरीही संख्यांचे प्रकार शोधून त्यांना नावे देण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला त्यांनी हर्षद म्हटले. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० अधिक २५ पुन्हा ४५, अशा संख्या आज कापरेकर संख्या म्हणून ओळखल्या जातात. एका प्रकाराला तर त्यांनी रेल्वे स्टेशनचे नाव दिले : डेम्लो.

६१७४ ला सगळे कसे पोहोचतात?

त्यांचे सर्वांत गाजलेले काम १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडले गेले. चार अंकी कोणतीही संख्या घ्यायची, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहायचे, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्यातून लहान वजा करायची. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच.

त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेऊन पाहा. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. तिथून पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च येते. सातपेक्षा जास्त पायऱ्या कोणत्याही संख्येला लागत नाहीत. म्हणजे मास्तरांचे जन्मवर्ष सर्वांत लांबच्या वाटेने जाणाऱ्यांपैकी निघाले. इथे हातात एका वेळी एकच संख्या असते आणि तिच्यापासून पुढची कशी काढायची याचा नियम असतो. मागच्या संख्या जपून ठेवायची गरज नाही.

मग स्वयंभू संख्या वेगळ्या कशा?

१९६३ मध्ये कापरेकरांनी ज्यांच्यावर पुस्तिका काढली, त्या स्वयंभू संख्यांत खरी मेख आहे. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. २३ पासून २८, २८ पासून ३८, ३८ पासून ४९. २३ हा २८ चा जनक. पण काही संख्यांना जनकच नसतो, त्या कोणापासूनही जन्मत नाहीत. त्या स्वयंभू. १०० पर्यंत अशा १३ आहेत : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. उलट १०१ ला दोन जनक आहेत, ९१ आणि १००.

आता हेच काम प्रोग्रॅमला सांगायचे आहे. १ ते १०० ची यादी करायची, पहिल्यापासून चालत जायचे, प्रत्येक संख्येपासून जी जन्मते ती यादीतून काढून टाकायची आणि शेवटी उरतील त्या स्वयंभू. सरळ वाटते, पण उत्तर चुकते.

१ वर असताना २ खोडला जातो. पुढची पाळी २ ची होती, पण तो आता यादीतच नाही, म्हणून चाल थेट ३ वर जाते. ४ ला खोडण्याचे काम मात्र २ कडेच होते. परिणामी ४ स्वयंभू नसूनही यादीत राहतो. ३ ने ६ खोडला म्हणून १२ वाचतो. ४ चुकून राहिला, त्याने ८ खोडला, म्हणून १६ वाचतो. एक चूक पुढच्या चुका जन्माला घालते. पायथनमध्ये ही चूक बिनबोभाट होते. स्क्रीनवर काहीच लाल दिसत नाही.

रांगेतला माणूस कसा सुटतो?

याच चुकीचे दुसरे रूप पंढरपूरच्या दर्शनरांगेवरून समजेल. तपासणारा एकेका जागेजवळ थांबत पुढे चालला आहे. पाचव्या जागेवरच्याला त्याने बाहेर काढले. मागचे सगळे एक पाऊल पुढे सरकले, म्हणजे सहावा आता पाचव्या जागी आला. तपासणारा सहाव्या जागेकडे वळला. तिथे मूळचा सातवा उभा. सहावा न तपासता सुटला. अनुदानाच्या यादीतून दुबार नावे अशा रीतीने काढली, तर लागोपाठ आलेल्या दोन दुबार नावांपैकी दुसरे राहून जाते आणि पैसे दोनदा जातात. शेवटच्या नावाकडून पहिल्याकडे आले तर सरकण्याचा हा त्रास होत नाही, पण स्वयंभू संख्यांची अडचण त्याने सुटत नाही.

आयटरेटर काय करतो?

आयटरेटर म्हणजे यादीत आपण कुठवर आलो हे लक्षात ठेवणारी स्वतंत्र वस्तू. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये ती दोन प्रश्नांची उत्तरे देते : पुढे काही आहे का, आणि असल्यास ते कोणते. यादी आत कशी साठवली आहे, याच्याशी चालणाऱ्याला देणेघेणे राहत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात क्लू या भाषेत ही सोय आणली. १९९४ मध्ये चार लेखकांच्या डिझाइन पॅटर्न्स या पुस्तकात तिला एक पॅटर्न म्हणून स्थान मिळाले.

जावामध्ये आयटरेटरकडे काढून टाकण्याची स्वतःची आज्ञा आहे. ती वापरली तर कोण गेला हे आयटरेटरला माहीत असते आणि तो आपली जागा सांभाळून घेतो. त्याला न सांगता परस्पर यादीला हात लावला, तर पुढच्या पावलाला जावा बहुतेक वेळा काम थांबवून कॉनकरंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन दाखवते. शिकणाऱ्याला तो त्रास वाटतो, पण चुकीचे उत्तर गुपचूप मिळण्यापेक्षा तो बरा.

मात्र ही आज्ञा नुकत्याच हाती आलेल्या घटकालाच काढते. कापरेकरांच्या संख्यांत काढायची असते ती पुढे कुठेतरी असलेली. म्हणून इथे दोन याद्या लागतात : एकीवर चालायचे आणि खोडायचे दुसरीतून. किंवा नुसती खूण करायची आणि फेरी संपल्यावरच खुणा केलेल्या संख्या काढायच्या. खोडला गेलेला २ सुद्धा ४ चा जनक असतोच. त्याची पाळी येईपर्यंत तो जागेवर हवा.

कापरेकरांना मान कधी मिळाला?

देशातल्या अनेक गणितज्ञांना हे काम किरकोळ वाटे. मोठ्या नियतकालिकांत जागा क्वचितच मिळे. ६१७४ वरचा त्यांचा लेख १९५५ मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिकात आला, पण बऱ्याच पुस्तिका त्यांनी पदरचे पैसे घालून छापल्या. निवृत्तिवेतन पुरेसे नव्हते, म्हणून ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत. १९६६ मध्ये पत्नी वारली. मार्च १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगभरचे वाचक ६१७४ चा खेळ करू लागले. तेव्हा कापरेकर सत्तरीत होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

१०० पर्यंतच्या स्वयंभू संख्यांचा प्रोग्रॅम आज फोनवर पाच-सात ओळींत बसतो. उत्तरात १३ संख्या आल्या तर तो बरोबर. त्यांत ४ दिसला, तर चालता चालता यादी खोडली गेली आहे.