टॉमच्या भुवया कोणी बदलल्या?

माझा भाचा सुट्टीत मीरा रोडला आला की माझा फोन त्याचा होतो. गेल्या सुट्टीत त्याला घेऊन भाईंदरहून दादरला निघालो होतो. गाडीत नेट धड चालत नाही, म्हणून घरूनच 'टॉम अँड जेरी'चे चार-पाच भाग डाउनलोड करून घेतले होते. दहिसरपर्यंत सगळं शांत. मग त्याने फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि विचारलं की हा टॉम खोटा आहे का.

मी बघितलं. टॉमच्या भुवया जाड, काळ्या, एखाद्या व्हिलनला शोभतील अशा. जेरीचे कान आणि डोळे मोठे, चेहरा एकदम गोडुला. पळापळ होती, पण मध्येच दोघं थांबून एकमेकांकडे नुसते बघत होते. पोराला जे खटकलं ते बरोबर होतं. पण हा टॉम खोटा नव्हता, रीतसर हक्क असलेल्या कंपनीनेच बनवलेला होता. फक्त तो बनवणारा माणूस वेगळा होता. चक जोन्स. गंमत म्हणजे या माणसाने 'टॉम अँड जेरी' छापाच्या पकडापकडीची टिंगल करण्यासाठी आधी एक अख्खी मालिका काढली होती, आणि ती तुम्ही नक्की पाहिली आहे.

चकचा जन्म २१ सप्टेंबर १९१२ चा, अमेरिकेतल्या स्पोकेन गावचा. वाढला लॉस एंजेलिसच्या आसपास. वडिलांना नवनवे धंदे काढायची हौस. प्रत्येक धंद्याच्या सुरुवातीला ते कंपनीचं नाव छापलेले कागद आणि पेन्सिली मागवायचे. धंदा बुडायचा आणि ते गठ्ठे पोरांच्या वाट्याला यायचे. लवकर संपवा, असा वडिलांचा हुकूम असायचा. घरात फुकटचा कागद एवढा की प्रत्येक चित्र जपून काढायची गरजच नव्हती. पुढे आयुष्यभर हजारो चित्रं काढून त्यातली बहुतेक फेकून देणाऱ्या माणसाला याहून चांगली शाळा मिळाली नसती. (आपल्याकडे पाठकोऱ्या कागदावर चित्रं काढणारी पिढी होती, तिला हे लगेच कळेल.)

श्वीनार्ड आर्ट इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडला तेव्हा अमेरिकेत महामंदी. काम मिळालं ते अब आयवर्क्सच्या स्टुडिओत, सेल धुण्याचं. सेल म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ कागद. पात्र त्यावर रंगवायचं, खाली पार्श्वभूमीचं चित्र ठेवायचं आणि कॅमेऱ्याने एकेक फोटो घ्यायचा. सेल महाग, म्हणून शूटिंग झालं की ते धुऊन पुन्हा वापरायचे. आपण मेमरी कार्ड फॉरमॅट करून परत वापरतो तसंच, फक्त हे हाताने आणि पाण्याने. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली तेव्हाही तत्त्व तेच होतं: वस्तू थोडी हलवा, एक फ्रेम घ्या, पुन्हा हलवा.

तिथून बढती मिळत तो 'इनबिटवीनर' झाला आणि १९३३ मध्ये लिऑन श्लेसिंगरच्या स्टुडिओत आला, जिथे वॉर्नर ब्रदर्ससाठी कार्टून बनायची. इनबिटवीनरचं काम समजून घ्या, कारण तुमच्या फोनमध्येही ते रोज चालतं. मुख्य अॅनिमेटर हालचालीतली महत्त्वाची चित्रं काढतो: टॉम उडी मारायच्या तयारीत, टॉम हवेत, टॉम भिंतीवर. मधली चित्रं इनबिटवीनर भरतो. फोनवरचा व्हिडिओही साधारण अशाच विभागणीने साठवलेला असतो. काही फ्रेम पूर्ण चित्र म्हणून ठेवतात आणि मधल्या फ्रेमसाठी फक्त काय बदललं तेवढंच लिहितात. म्हणून तर तासाभराचा व्हिडिओ तुमच्या स्टोरेजमध्ये मावतो.

आता हिशोब. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम. सहा मिनिटांच्या कार्टूनमध्ये ८,६४० फ्रेम. एक चित्र दोन-दोन फ्रेम दाखवलं तरी एका पात्राची ४,३२० चित्रं. टॉम आणि जेरी वेगवेगळ्या सेलवर असतील तर दुप्पट. पैसे कमी पडले की हा आकडा खाली आणायचा एकच मार्ग: पात्राला कमी हलवा. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१९३८ मध्ये जोन्सने दिग्दर्शक म्हणून पहिलं कार्टून केलं, 'द नाइट वॉचमन'. गोष्ट काय? आजारी बापाच्या जागी स्वयंपाकघराची राखण करणारं मांजराचं पिल्लू आणि त्याला छळणारे उंदीर. म्हणजे टॉम आणि जेरी जन्मायच्या दोन वर्षं आधीच हा माणूस मांजर-उंदराच्या नादाला लागला होता.

सुरुवातीची त्याची कार्टून गोड आणि संथ होती. १९४२ च्या 'द डोव्हर बॉईज'मध्ये तो बदलला. पात्र एका पोझमधून दुसऱ्या पोझमध्ये एकदम सटकतं, मध्ये एक-दोन फ्रेमपुरता नुसता रंगाचा फराटा दिसतो. पोझ महत्त्वाची, पळणं दुय्यम. ही त्याची खूण पुढे कायम राहिली.

१९४९ मध्ये लेखक मायकल मॉल्टीजबरोबर त्याने 'फास्ट अँड फ्युरी-अस' केलं. वाळवंट, एक भुकेला कोयोटी आणि हाती न लागणारा रोड रनर. त्या काळी थिएटरमध्ये पाठलागाच्या कार्टूनची लाट होती आणि तिच्या टोकावर एमजीएमची टॉम-जेरीची जोडी होती. जोन्सला त्या लाटेची फिरकी घ्यायची होती. पाठलाग इतका निरर्थक दाखवायचा की लोकांनी म्हणावं, बस करा. लोकांना ते खरंच आवडलं आणि टिंगल म्हणून काढलेली गोष्ट मालिका झाली.

या मालिकेतला त्याचा हिशोब बघण्यासारखा आहे. रोड रनर कोयोटीला स्वतः कधी इजा करत नाही. कोयोटीला पाडतं ते त्याचंच मागवलेलं यंत्र आणि गुरुत्वाकर्षण. कोयोटी कड्यावरून पडतो तेव्हा ठिपका होऊन दिसेनासा व्हायला १८ फ्रेम आणि त्यानंतर धूळ उडायला १४ फ्रेम, असं जोन्सचं गणित होतं. तेरा किंवा पंधरा फ्रेमला हशा येत नाही असं त्याचं मत. १४ फ्रेम म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जरा जास्त. रील एडिट करताना पंच नक्की कुठे कापायचा यावर तुम्ही डोकं खाजवता ना, तेच हे.

वॉर्नरमध्ये त्याने 'डक अमक' आणि 'व्हॉट्स ऑपेरा, डॉक?' केलं. या दुसऱ्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागणार होता, म्हणून त्याच्या टीमने काही तास रोड रनरच्या नावावर दाखवले, असं तो स्वतः सांगायचा. तेच कार्टून १९९२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत गेलं. मग १९६२ मध्ये नोकरी गेली. करार फक्त वॉर्नरसाठी काम करायचा होता आणि त्याने बायको डोरथीबरोबर दुसऱ्या स्टुडिओसाठी 'गे पर-ई' हा सिनेमा लिहिला. नशीब असं की तो सिनेमा वितरणासाठी वॉर्नरकडेच आला.

इकडे टॉम आणि जेरीचं काय चाललं होतं? विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० पासून ११४ कार्टून केली, सात ऑस्कर आणले. १९५७ मध्ये एमजीएमने अख्खा कार्टून विभाग बंद केला. जुनी कार्टून पुन्हा थिएटरला लावली तरी जवळपास तेवढेच पैसे मिळतात, हे कंपनीच्या लक्षात आलं होतं. मग नवी कशाला काढायची? पुढे मागणी दिसली तेव्हा १३ कार्टून प्रागमध्ये जीन डाइचकडून स्वस्तात करून घेतली. त्यांच्या टीमने मूळ कार्टून फारशी पाहिलेलीच नव्हती. आवाज घुमणारे, हालचाल तुटक, टॉमला होणारी मारहाण कधीकधी बघवत नाही. मला तरी.

त्यानंतर काम आलं ते बेकार झालेल्या चक जोन्सकडे. १९६३ ते १९६७ या काळात ३४ कार्टून. ज्याने पाठलागाची थट्टा केली त्याच्याच हातात पाठलागाची गादी. वॉर्नरमधली जुनी माणसं त्याने जमवली: लेखक मॉल्टीज, पार्श्वभूमीसाठी मॉरिस नोबल. पहिलं कार्टून 'पेंट-हाउस माउस'. घर, अंगण, फ्रीज, बुलडॉग हे टॉमचं जुनं जग गेलं आणि उंच टॉवर आला. मीरा रोडच्या पोरांना तो टॉवर जास्त ओळखीचा वाटेल, ते सोडा. भुवया आल्या त्या इथेच. जोन्सला हसवायचं असायचं चेहऱ्याने. १९६६ मध्ये त्याने टीव्हीसाठी 'हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस!' केलं, त्यातला ग्रिंच आणि हा टॉम शेजारी ठेवून बघा, सख्खे भाऊ वाटतील.

फरक नेमका कळायचा असेल तर दोन कार्टून पाठोपाठ बघा. पहिलं हॅना-बार्बेराचं, १९४७ चं 'द कॅट कॉन्सर्टो'. टॉम पियानो वाजवतो, आत झोपलेल्या जेरीची झोपमोड होते, भांडण सुरू, शेवटी टाळ्या जेरी घेऊन जातो. दुसरं जोन्सचं, १९६४ चं 'द कॅट अबव्ह अँड द माउस बिलो'. टॉम ऑपेरा गातो, स्टेजखाली झोपलेल्या जेरीची झोपमोड होते, भांडण सुरू, शेवटी गाणं जेरी म्हणतो. गोष्ट जवळजवळ तीच. पण पहिल्यात टॉम मार खात असतानाही वाजवणं सोडत नाही. बोटं, शेपूट, सगळं अंग सुरात असतं आणि त्यातच जोक आहे. दुसऱ्यात जोक टॉमच्या नजरेत आहे: तो थांबतो, बघतो, भुवई वर जाते. चित्र म्हणून दुसरं सुंदर. हसू मात्र मला पहिल्यात जास्त येतं.

पैशांमुळे असं झालं का? काही अंशी. पोझ धरून ठेवली की चित्रं कमी लागतात, हा मघाचा हिशोब. पण 'डोव्हर बॉईज'पासून त्याला पोझच आवडायची, हेही खरं. मला वाटतं अडचण अजून खोल होती. कोयोटीचं वैर कुणाशीच नाही, तो फक्त पडतो. टॉम आणि जेरी एका घरात राहतात, एकमेकांना खरंच मारतात आणि तरी एकमेकांशिवाय त्यांचं चालत नाही. हे भांडण ज्यांनी जन्माला घातलं त्यांना ते आतून ठाऊक होतं. जोन्सने नंतर मोकळेपणाने मान्य केलं की ही पात्रं त्याची नव्हती आणि कोयोटी-रोड रनर जसे कळले तसे हे दोघं त्याला कळले नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाने हे कबूल करणं मला त्याच्या ऑस्करपेक्षा मोठं वाटतं. ऑस्करही त्याला त्याच दिवसांत मिळालं, १९६५ च्या 'द डॉट अँड द लाइन'साठी. त्यात पात्रं म्हणजे एक ठिपका आणि एक रेघ. भुवया नाहीत.

त्याच्या टीमला अजून एक काम होतं. टीव्हीवर दाखवण्यासाठी जुनी हॅना-बार्बेरा कार्टून सुधारायची. काही भागांत घरकाम करणारी कृष्णवर्णीय बाई होती, तिचं चित्रण तेव्हाच टीकेचा विषय झालं होतं. तिच्या जागी गोऱ्या बाईचं चित्र काढून आवाज बदलला गेला. म्हणून एकाच भागाची दोन रूपं आजही फिरत असतात.

एमजीएमने १९७० मध्ये हाही विभाग बंद केला. जोन्सने स्वतःची कंपनी काढली आणि १९७५ मध्ये टीव्हीसाठी 'रिकी-टिकी-टावी' केलं: भारतातला एक बंगला, मुंगूस आणि नाग. मूळ कथा रुडयार्ड किपलिंगची, ज्याचा जन्म आपल्या जे. जे. स्कूलच्या आवारातला. इथेही पाठलागच आहे, पण जिवावरचा, आणि जोन्सच्या थांबून बघण्याच्या सवयीला तो अचूक बसला. मुंगसाचे डोळे बघा. १९९६ मध्ये त्याला मानद ऑस्कर दिलं. २२ फेब्रुवारी २००२ ला तो गेला, ८९ वर्षांचा होऊन.

तुमच्या फोनवर चाललेलं कार्टून कुणाचं ते ओळखायला सोपं आहे. सुरुवातीच्या गोल चौकटीत एमजीएमचा सिंह डरकाळी फोडतो. जोन्सच्या भागांत त्या सिंहाच्या जागी टॉम येऊन मांजरासारखा फिसकारतो. भाच्याला हे दाखवलं तेव्हा गाडी अंधेरीला होती. त्याने पाचही भागांची सुरुवात तपासली, भुवयांचे दोन निघाले. ते डिलीट करू का विचारलं, तर ऑपेरावाला ठेव म्हणाला.