रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे

श्रीगोंदा : पाऊस लागून राहिला की फडात चिखल होतो, गाडी आत जात नाही आणि ऊसतोड थांबते. तोडीचा हिशोब टनावर असल्यानं कोयता थांबला की मजुरी थांबली. वीटभट्टीवर आणि बांधकामावर रोजानं जाणाऱ्यांचंही तेच. काम बंद पाडतो पाऊस, खाडा मात्र मजुराच्या नावावर. कामगाराची चूक नसताना बुडालेल्या दिवसाचं काय, हा प्रश्न नवा नाही. सव्वाशे वर्षांपेक्षा जास्त झाली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो गिरणी मालकांपुढं आणि सरकारपुढं मांडला होता.

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्यातला. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं. घरची परिस्थिती बेताचीच. रेल्वे आणि पोस्टात नोकरी करून ते मुंबईत एका गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. तिथं त्यांनी कामगारांचे हाल जवळून पाहिले. गिरणीत वीज नव्हती, त्यामुळं उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही, पगाराची तारीख नाही. १८८१ चा कारखाना कायदा आला, पण तो लहान मुलांपुरताच. मोठ्या माणसांनी किती तास राबायचं, याला काही बंधन नव्हतं.

लोखंडे महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात १८७७ साली सुरू केलेलं 'दीनबंधु' हे पत्र १८८० पासून लोखंडे मुंबईतून चालवू लागले. शेतकऱ्याचं आणि कामगाराचं दुखणं त्यात छापून येई.

१८८४ साली त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली. त्याच सप्टेंबरात कामगारांच्या सभा घेऊन मागण्यांचा अर्ज तयार केला. सुमारे साडेपाच हजार कामगारांनी त्यावर सह्या, अंगठे दिले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, अशा त्या मागण्या होत्या. आणखी एक मागणी फार महत्त्वाची होती. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा. हात चालले नाहीत तरी त्या दिवसाची भाकरी बुडू नये, हा विचार त्यात होता.

मालक लवकर बधले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांवर कामगार जमले. दोन महिला कामगारांनीही तिथं भाषणं केली. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढं १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती आली.

१८९३ च्या मुंबईतल्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर लोखंडे सलोख्यासाठी फिरले. १८९५ साली सरकारनं त्यांना रावबहादूर किताब दिला. मुंबईत प्लेग आल्यावर ते रुग्णांच्या सेवेत राहिले. त्याच रोगानं ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. पन्नाशीही गाठली नव्हती. महिनाभरातच पुण्यात सावित्रीबाईही प्लेगनं गेल्या. २००५ साली टपाल खात्यानं लोखंडे यांचं तिकीट काढलं.

पुढं कायद्यात ले-ऑफची तरतूद आली. नैसर्गिक आपत्तीमुळं कारखाना काम देऊ शकला नाही, तर वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. मात्र पन्नासपेक्षा कमी कामगारांचे कारखाने आणि हंगामी कारखाने त्यातून वगळले आहेत. म्हणजे ऊसतोड मजूर, रोजंदारीवाला बाहेरच राहतो.

गिरणी कामगाराला त्याचा रविवार मिळाला. फडाच्या कडेला पालात बसून पाऊस उघडायची वाट पाहणाऱ्याचा दिवस अजून कोणाच्याच हिशोबात नाही.